न दिसणाऱ्याचं वजन कसं करतात?

प्रश्न असा आला आहे: "मी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर निफाडकडे. विश्वातलं ९५ टक्के दिसतच नाही, ते कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा आहे असं वाचलं. आमच्या गावातले एक महाराजही सांगतात की अदृश्य शक्ती सगळीकडे भरून राहिली आहे. सर, खरं सांगा, या दोघांत फरक काय? आणि नाशिकमध्ये राहून मला यातलं काही स्वतः तपासता येईल का, की पुस्तकावर विश्वासच ठेवायचा?"

एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतरचा वेळ गंगापूर रोडच्या एका गच्चीवर पत्र्याचे कर्णे बनवण्यात घालवतो आहे. तेव्हा तुला 'तू' म्हणतो, चालवून घे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. हो, तपासता येतं. पण अर्धंच. कुठलं अर्धं, ते ओघात येईल.

तू निफाडची, म्हणजे लासलगावच्या बाजारात कांद्याच्या ट्रॉल्या भुईकाट्यावर चढताना पाहिल्या असशील. भरलेली ट्रॉली, मग रिकामी ट्रॉली, वजाबाकी केली की माल कळला. काट्यावरचा माणूस कांदे मोजत बसत नाही. आता समज, ट्रॉलीत वरून बघता दहा क्विंटल कांदा दिसतो आहे आणि काटा दाखवतो आहे साठ. तो काय म्हणेल? एकतर काटा बिघडला, नाहीतर खाली काहीतरी दडवलं आहे, नाहीतर आपला डोळ्यांचा अंदाज चुकला. चौथी वाट नाही. खगोलशास्त्रज्ञ नव्वद वर्षं याच तीन शक्यतांभोवती फिरताहेत. गंमत म्हणजे आकडेही जवळपास हेच आहेत: विश्वाच्या हिशेबात नेहमीचं द्रव्य ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के. एक दिसतो तिथे पाच दडलेले.

आकाशातला काटा म्हणजे वेग. बुध सूर्याभोवती सेकंदाला ४७ किलोमीटरने धावतो, पृथ्वी ३०, गुरू १३, नेपच्यून जेमतेम साडेपाच. लांब जाल तसा सूर्याचा ओढा कमी, म्हणून वेगही कमी. हा उतार कसा आहे यावरून मध्ये किती वस्तुमान आहे आणि ते कुठे साठलं आहे, दोन्ही कळतं. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीने कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड तारकासमुदायांचे, वेग पाहिले. ते इतके जास्त होते की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जोरावर तो समूह कधीच पांगायला हवा होता. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. झ्विकीचा स्वभाव तिखट होता, त्याचाही थोडा हात असावा. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे वेग केंद्रापासून बाहेरपर्यंत मोजले. उतार अपेक्षित होता, निघालं पठार. बाहेरचे वायूचे ढगही आतल्यांच्याच वेगाने फिरत होते. पुढे एकामागून एक दीर्घिका तपासल्या गेल्या आणि सगळीकडे हेच. मग मात्र लोकांना झोप लागेना.

आता गच्चीवर येऊ.

आकाशगंगेत हायड्रोजनचा वायू पसरलेला आहे. त्याच्या अणूत इलेक्ट्रॉनची फिरकी कधीतरी उलटते आणि २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर बाहेर पडते, वारंवारिता १४२०.४ मेगाहर्ट्झ. एक अणू असं करायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त घेतो. पण अणू इतके आहेत की आत्ता, तू हे वाचतेस तेव्हाही, ती लहर तुझ्या छपरावर पडते आहे. दिवसा पडते, ढगाळ असताना पडते. १९४४ मध्ये हॉलंडवर जर्मनांचा ताबा असताना व्हान दे हुल्स्ट या तरुणाने ही लहर असणार असं कागदावर सांगितलं. १९५१ मध्ये हार्वर्डला इवेन आणि पर्सेल यांनी ती पकडली, प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर प्लायवूडचा कर्णा टांगून. पाऊस आला की त्या कर्ण्यातून पाणी आत यायचं आणि येणारे-जाणारे विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे मारायचे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यालाही जमेल.

आमचा कर्णा असा आहे: पंधरा किलोच्या तेलाचा चौकोनी डबा, एका बाजूने कापलेला. त्याच्या तोंडाला जीआय पत्र्याचा पसरत गेलेला चौकोनी कर्णा, बाहेरचं तोंड सुमारे ८० सेंटिमीटर. पत्रा भद्रकालीतल्या एका पत्रेवाल्याकडून वाकवून घेतला. "धान्याची कोठी का?" असं त्याने विचारलं, मी हो म्हणून मोकळा झालो. डब्याच्या आत, बंद तळापासून सहा सेंटिमीटरवर, तांब्याची सव्वापाच सेंटिमीटरची काडी उभी. हीच अँटेना. काडीला लगेच, मध्ये केबलचा एक वीतही न घालता, हायड्रोजनच्या पट्ट्यासाठीचा फिल्टर असलेला अॅम्प्लिफायर. मग केबल, मग टीव्हीसाठी निघालेला पण आता सगळे हौशी लोक वापरतात तो एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, आणि लॅपटॉप. सगळा खर्च दहा हजारांच्या आसपास गेला, त्यातला बराचसा अॅम्प्लिफायर आणि डोंगलवर. अॅम्प्लिफायर खाली खोलीत ठेवून वर लांब केबल टाकण्याचा मोह होईल. करू नकोस. केबलमध्येच तुझा हायड्रोजन मरून जाईल.

तिसऱ्या रात्री पडद्यावर शिखर उगवलं. सरळसोट, सुईसारखं, बरोबर १४२०.४ वर. माझ्याबरोबर दोन विद्यार्थी होते. आम्ही खाली जाऊन पेढे आणले, शेजारच्या काकूंना गच्चीवर बोलावून "ही आकाशगंगा" म्हणून दाखवलीही. चौथ्या दिवशी त्यातल्या एकाने सहज कर्णा उलटा करून गच्चीच्या फरशीवर ठेवला. शिखर जागचं हललं नाही. आकाशगंगा फरशीतूनही येत होती! झालं होतं ते असं: स्वस्त रिसीव्हर ज्या वारंवारितेवर लावाल तिथेच, पट्ट्याच्या बरोबर मधोमध, स्वतःचं एक खोटं शिखर काढतो. आम्ही तो १४२०.४ वरच लावला होता, म्हणून त्याने तिथेच काढलं. जे हवं होतं तेच, जिथे हवं होतं तिथेच मिळालं, आणि म्हणून कुणी शंका घेतली नाही. काकूंना परत जाऊन सांगावं लागलं.

हा प्रसंग तुला लांबण लावून सांगितला, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणारा माणूस आधी स्वतःला फसवतो, लोकांना नंतर. त्यातून सुटायला एखादी अशी खूण लागते जी आपल्या मर्जीने येत नाही. रेडिओ आकाशाच्या बाबतीत ती खूण कार्ल जान्स्कीने दिली. टेलिफोनमधली खरखर शोधता शोधता त्याला एक फुसफुस सापडली, जी रोज चार मिनिटं लवकर यायची. सूर्याचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणजे ती फुसफुस कारखान्यातली नव्हती, विजेच्या तारांतलीही नव्हती, सूर्याचीही नव्हती. ती आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. १९३३ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. सातपूरच्या यंत्रांना, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरला, रस्त्यावरच्या दिव्यांना ही चार मिनिटं माहीत नसतात.

आम्ही रिसीव्हर अर्धा मेगाहर्ट्झ बाजूला लावला आणि कर्णा आकाशात एका जागी रोखून पंधरा दिवस हलवला नाही. खरा हायड्रोजन सुईसारखा नव्हताच. बुटका, पसरट, उंटाच्या पाठीसारखा उंचवटा, तोही काही मिनिटांची सरासरी काढल्यावर दिसणारा. पंधरा दिवसांत तो तासभर आधी येऊ लागला. या वेळी पेढे आणले नाहीत, पण त्या रात्री मी घरी जाऊन बराच वेळ जागा होतो.

उंचवटा पसरट असतो तो वेगामुळे. आपल्याकडे येणाऱ्या ढगाची लहर वरच्या वारंवारितेला सरकते, दूर जाणाऱ्याची खाली. सेकंदाला एक किलोमीटर वेग म्हणजे ४.७ किलोहर्ट्झचा फरक. आता हिशेब कर. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे २२० किलोमीटरने फिरतो. केंद्रापासून ३० अंश बाजूला, आकाशगंगेच्या पट्ट्यातच कर्णा रोखला की नजरेच्या रेषेवरचा केंद्राला सगळ्यात जवळचा बिंदू बरोबर निम्म्या अंतरावर येतो, कारण साइन ३० म्हणजे अर्धा. त्या बिंदूपाशी वायू थेट आपल्यापासून दूर पळत असतो, म्हणून उंचवट्याची सगळ्यात टोकाची कड त्याची. ती कड आम्हाला सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास मिळाली. त्यात सूर्याच्या वेगाचा निम्मा भाग, ११०, मिळव. झाले २२०. निम्म्या अंतरावरचा वायूही सूर्याच्याच वेगाने! सगळं वस्तुमान केंद्रात असतं तर तिथे ३१० च्या वर वेग हवा होता. पृथ्वीचा स्वतःचा ३० किलोमीटरचा वेग त्या दिशेत किती पडतो ते मात्र वजा-अधिक करायला विसरू नकोस. आम्ही विसरलो होतो, आणि दोन महिने वेगवेगळ्या तारखांची उत्तरं जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसलो होतो.

आता प्रामाणिक भाग. यातून कृष्णद्रव्य सिद्ध झालं का? नाही. आपण या पद्धतीने सूर्याच्या कक्षेच्या आतलंच मोजतो, आणि तिथे तारे आणि वायू भरपूर आहेत. आतलं पठार बरंचसं त्यांच्या पसाऱ्यातूनही समजावता येतं. वस्तुमान एका ठिकाणी साठलेलं नाही, एवढंच गच्ची सांगते. खरा तिढा बाहेर आहे, जिथे तारे संपतात आणि तरी वेग उतरत नाही. त्याला मोठा काटा लागतो. तो आपल्या रस्त्यावरच आहे: पुण्याला जाताना आळेफाटा सोडलास की नारायणगाव, आणि तिथून आत खोडद. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. ती हायड्रोजनची हीच लहर दुसऱ्या दीर्घिकांमधून ऐकते, ताऱ्यांच्याही पलीकडच्या वायूतून. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे जत्रा भरते आणि सगळ्यांना आत जाऊन बघता येतं. एकदा जा. त्या अँटेनाखाली उभं राहिलं की तेलाचा डबा आणि ती यांच्यातलं नातं कळतं.

पण एक काटा कितीही मोठा असला तरी बिघडलेला असू शकतो. म्हणून दुसरा काटा हवा, पहिल्याशी काही देणंघेणं नसलेला. तसा तो आहे. १९६५ मध्ये पेन्झिआस आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी सारखीच येणारी सूक्ष्मलहरींची मंद प्रभा सापडली, आज तिचं तापमान २.७ केल्विन. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटलेला हा प्रकाश. त्यात लाखात एक भागाएवढे चढउतार आहेत, आणि किती लांबीचे चढउतार किती ठळक आहेत यावरून त्या वेळी प्रकाशाशी रेटारेटी करणारं नेहमीचं द्रव्य किती आणि न करणारं कृष्णद्रव्य किती हे निघतं. तेव्हा दीर्घिका जन्मलेल्याच नव्हत्या, त्यांच्या फिरण्याचा या मोजणीशी संबंध नाही. तरी उत्तर येतं एकास पाच. मला स्वतःला पटलं ते इथे, रुबिनच्या पठाराने नाही.

आणखी एक साक्ष २००६ ची. बुलेट क्लस्टर म्हणतात त्या ठिकाणी दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेले आहेत. त्यांचा तप्त वायू, जो त्यांतलं बहुतेक नेहमीचं द्रव्य आहे, धडकून मध्ये अडकला. पण मागच्या दीर्घिकांचा प्रकाश ज्या वस्तुमानाने वाकतो, ते वस्तुमान वायूला मागे टाकून पुढे निघून गेलेलं दिसतं.

तर मग ठरलं ना, कृष्णद्रव्य आहे? इथे मी तुला दोन जुन्या गोष्टी सांगतो, दोन्ही एकाच माणसाच्या. युरेनस ठरल्या वाटेने चालत नव्हता. ल्व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने गणित मांडलं की पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे, आणि अमुक जागी आहे. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनला गाले यांनी दुर्बीण रोखली आणि एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे त्याच ल्व्हेरिएला बुधाची वाट चुकताना दिसली, शतकात ४३ विकला एवढीशी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्याने तोच उपाय केला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला नावही मिळालं, व्हल्कन. काही लोकांनी तो पाहिल्याचंही सांगितलं! तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की चूक न्यूटनच्या नियमात होती. हिशेब जुळत नव्हता तो दोन्ही वेळा. एकदा खाली माल दडलेला निघाला, एकदा काटाच दुरुस्त करावा लागला.

कृष्णद्रव्य नेपच्यून आहे की व्हल्कन? बहुतेकांचं, आणि माझंही, मत नेपच्यूनच्या बाजूने आहे, कारण दोन्ही काटे आणि बुलेट क्लस्टर एकच बोलतात. काटाच बदला म्हणणारे १९८३ पासून आहेत, मिलग्रोमपासून. एकेकट्या दीर्घिकांच्या वेगांवर त्यांचं सूत्र छान बसतं, दीर्घिकासमूहांवर आल्यावर मात्र लंगडतं. आणि आपली बाजूही फार मिरवण्यासारखी नाही. अमेरिकेत साउथ डकोटाच्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, दहा टन द्रव झेनॉन भरून लोक वाट बघत बसले आहेत की कृष्णद्रव्याचा एखादा कण येऊन धडकेल. अजून धडकलेला नाही. ही हार समजू नकोस. न्यूट्रिनो पाउलीने १९३० मध्ये केवळ ऊर्जेचा ताळेबंद जुळावा म्हणून सुचवला होता, तो हाती लागला १९५६ ला. आणि वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये पहिल्यांदा जिथे सापडले त्यांतली एक जागा आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत होती.

कृष्णऊर्जेबद्दल, म्हणजे उरलेल्या ६८ टक्क्यांबद्दल, मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे आपण खरंच अंधारात आहोत. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होऊन उजळणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं की विश्वाचं पसरणं मंदावत नाही, वाढतं आहे. कशाने वाढतं त्याला हे नाव दिलं. नाव म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, हे मी वर्गातही सांगायचो.

तुझ्या महाराजांचं म्हणशील तर त्यांच्याशी माझं भांडण अदृश्यावरून नाही. त्यांना दोनच गोष्टी विचार. ती शक्ती किती आहे, आकडा काय? आणि काय घडलं तर तुम्ही मान्य कराल की ती नाही? ल्व्हेरिएने आकडा आणि जागा दोन्ही दिली, म्हणूनच व्हल्कन नाही हे कळू शकलं. आपल्या पंचांगवाल्यांनाही हे जमतं हं. गुरूची फेरी बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे, आणि सिंहस्थ कधी धरायचा हे ते त्याप्रमाणे मोजतात. चुकले तर आकाशात गुरू दिसतोच आहे!

सिंहस्थावरून आठवलं. २०१५ चं दुसरं शाही स्नान १३ सप्टेंबरला, पोळ्याच्या अमावास्येला होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी, रामकुंडावर आदल्या दिवशीच्या गर्दीच्या खुणा असताना, सव्वाशे-दीडशे कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांची गुरुत्वलहर पृथ्वीतून, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अंगातूनही, पार झाली. कुणाला काही कळलं नाही. अमेरिकेतल्या, गुरुत्वलहरी टिपणाऱ्या दोन लायगो यंत्रांना कळलं. चार किलोमीटरच्या बाहूत प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक, आणि तोही दोन्हीकडे सात मिलिसेकंदांच्या अंतराने. एकाच यंत्राला दिसला असता तर आमच्या तिसऱ्या रात्रीच्या शिखरासारखाच तो कुणी मानला नसता. असं आणखी एक यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभारायचं आहे. तू शिकून बाहेर पडशील तेव्हा तिथे माणसं लागतील.

कर्णा बनवणार असशील तर पावसाळ्याआधी बनव. दुर्बिणीवाल्यांचे नाशिकमधले चार महिने वाया जातात, तुझे जाणार नाहीत; २१ सेंटिमीटरच्या लहरीला ढगांची पर्वा नसते, तोंडावर पातळ प्लास्टिक ताणलं की झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या आत-बाहेर श्रवण नक्षत्राचा तारा जवळजवळ डोक्यावर असतो. तिथून आकाशगंगेचा पट्टा उत्तरेला हंसाकडे जातो आणि दक्षिणेला खाली धनूकडे. दक्षिणेच्या बाजूने सुरू कर. ३० अंशांची जागा श्रवणाच्या तासभर आधी माथ्याजवळून जाते, तेव्हा आठपासून तयार राहा. निफाडच्या घरी गच्ची असेल तर तिथेच लाव, शहरापेक्षा तिथे गोंगाट कमी. रिसीव्हर बाजूच्या वारंवारितेला लावायचा, आणि काहीही दिसलं तरी आधी कर्णा फरशीकडे वळवून बघायचा. पहिल्या रात्री बहुतेक काहीच येणार नाही. तेव्हा काडीचा सोल्डरचा डाग तपास, आमचा तिथेच सुटला होता. आणि डबा कापताना जाड हातमोजे घाल, त्या पत्र्याची कड फार वाईट कापते.